डीपीचा आवाज

आधी गॅसच्या गोळ्या झाल्या.
मग दोंडाईच्याच्या मावसभावाने सांगितलेला उतारा,
लिंबू, हळकुंड, काळा दोरा.
दोरा अजून मनगटावर आहे, पाण्याने विटलेला.
मग भाचीने पुण्याहून एक नंबर पाठवला.
मोबाइलवरची मॅडम चांगली होती,
पण तिच्याकडे एकवीस प्रश्नांचा फॉर्म होता
आणि अमळनेरात त्या दिवशी रेंज नव्हती.
'जगणं निरर्थक वाटतं का' याच्यावर
तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजला
आणि मी त्या तोंडाला 'हो' म्हणालो.

शेवटी मेडिकलवाल्या निंबाने
झोपेच्या गोळ्या द्यायचं नाकारलं,
खोक्याचा पुठ्ठा फाडून पत्ता लिहून दिला.
जळगाव. बडगुजर बाई.
ठिबकच्या नळ्यांच्या दुकानावर, दुसरा जिना.

सुरत पॅसेंजरने गेलो. घरी सांगितलं, ऑफिसचं काम.
धरणगावला ओळखीचा वायरमन चढला
तसा पुठ्ठा शर्टाच्या आत सरकवला,
चोरीचा माल असल्यासारखा.

पाटी लहान होती. जिन्यात नळ्यांचा वास.
मी सगळं घोकून नेलं होतं.
झोप नाही. खांबावर चढता येत नाही.
शिडीच्या चौथ्या पायरीवर पाय लाकूड होतात.
सुपडू गेला त्या दिवशी परमिट माझ्या नावावर होतं,
लाइन बंद होती, मी स्वतः बघितली होती,
कुणाच्या तरी जनरेटरने उलटी वीज सोडली.
चौकशीत मी सुटलो.
म्हणजे कागदावर.

बाईने ऐकलं. लिहून काही घेतलं नाही.
मग म्हणाली, रात्री जागे असता तेव्हा काय करता?

ऐकतो.
काय?
डीपी.
गल्लीच्या तोंडाची शंभरची, तिचा घों.
पानखिडकीकडची त्रेसष्टची, जरा चोंदलेली.
तेल कमी असलं की ती घशातून बोलते,
एका फेजवर लोड आला की आवाज लंगडतो.
हेच माझं दुखणं आहे बाई,
हा कान तेवढा बंद करून द्या.

तिने खुर्ची पुढे ओढली.
आणि पुस्तकातली मराठी मधेच सोडून
माझ्या आईच्या बोलीत विचारलं,
"हाई आयकाले तुम्हले कोनी शिकाडं?"

मी वर बघितलं. पंख्याचं बेअरिंग गेलेलं होतं.
वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

सुपडूनी, म्हणालो.
हाताखाली होतो तेव्हा तो डोळे मिटायला लावायचा,
माझं डोकं धरून कान खांबाला टेकवायचा,
सांग, कुठे दुखतंय हिला?
चुकलो की टपली.
बरोबर आलं की त्याच्या डब्यातली अर्धी कळण्याची भाकर,
ठेच्यासकट.

आणि मग?
मग बालवाडीमागची डीपी. रात्री दोनला
नुसत्या आवाजावरून लाइन तोडायला लावली मी.
सकाळी उघडली तर आतलं वेटोळं काळं.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं,
सांगण्यासारखं आहे असं वाटलंही नव्हतं.

ती मला शूर वगैरे म्हणाली नाही.
म्हणाली असती तर जिना उतरून आलो असतो.
म्हणाली, मोडलंय ते बघूच, ते कुठे पळून जात नाही.
पण फॉल्ट शोधताना तुम्ही आधी काय बघता?
पुरवठा कुठपर्यंत येतोय ते, म्हणालो.
मग तेवढंच लिहून आणा, पुढच्या मंगळवारी.

परतीची गाडी दीड तास उशिरा.
पुठ्ठ्याच्या पाठीवर लिहायला घेतलं.
कान.
मग बराच वेळ काहीच नाही.
पाळधी गेल्यावर: पोरीची सायकल अजून मीच दुरुस्त करतो.
धरणगावला ते खोडलं.
टाकरखेड्याला परत लिहिलं.

त्या रात्री झोप आली असं नाही.
सव्वादोनला गल्लीच्या तोंडाची डीपी घों करत होती,
तेल पुरेसं, तिन्ही फेज सारखे.
पडल्या पडल्या म्हणालो,
सुपडू, हिला कुठे दुखत नाहीये रे.
आणि कुशीवर वळलो.

शिडीचं अजून काही सांगता येत नाही.